नर्सबाईंची मोकळी प्रार्थना

उपासनेच्या मध्यावर पाळकसाहेब म्हणायचे, "आता कोणाला मोकळी प्रार्थना करायची असेल त्यांनी करावी," आणि आमच्या सगळ्यांच्या माना आपोआप खाली जायच्या. भक्तीने नव्हे. कोण उठणार हे माहीत असायचं म्हणून. तिसऱ्या बाकावरून छत्री टेकत नर्सबाई उभ्या राहायच्या, डोळे मिटायच्या आणि देवाला मंडळीचा अहवाल द्यायला लागायच्या.

"प्रभू, पहिल्या बाकावर तुझे कंपाउंडर आहेत. खोकला तीन आठवडे आहे. विडी सुटलेली नाही, घरी सांगतात सुटली. शेजारी त्यांची बायको. ही सगळ्यांना वाढून उरलेलं खाते. मी सांगून थकले, आता तू सांग. त्यांच्या मागे आमच्या चिटणीसबाई. हिला चष्मा लागलाय, पण लग्न जमायचं राहील म्हणून लावत नाही."

चिटणीसबाई म्हणजे मी. चष्मा मी त्याच आठवड्यात केला. लग्न त्यानंतर जमलं, हेही इथेच नोंदवून ठेवते.

कर्जतला रेल्वे वसाहतीच्या पलीकडे आमचं दगडी देऊळ आहे. चर्च हा शब्द पाटीवर, बोलण्यात देऊळच. तेव्हा जिल्हा कुलाबा होता आणि आमची मंडळी अठरा घरांची: बरीचशी रेल्वेतली, दोनतीन शिक्षक, दवाखान्यातले कंपाउंडर आणि आसपासच्या गावांतली काही शेतकरी कुटुंबं. पाळकसाहेब तरुण होते, खोपोलीला राहायचे, महिन्यातून दोन रविवार आमच्याकडे यायचे. मी प्राथमिक शाळेत शिकवत होते. अक्षर बरं होतं, नाही म्हणता येत नव्हतं, म्हणून मंडळीची चिटणीस झाले होते.

पाळकसाहेबांनी एकदा बाईंना बाजूला घेऊन समजावून पाहिलं. मी हजेरीची वही घेऊन जवळच उभी होते.

"बाई, देवाला सगळं माहीत असतं. इतकं तपशिलात सांगायची गरज नसते."

"त्याला माहीत असतं हो साहेब. यांना नसतं." बाईंनी छत्रीनं सगळ्या बाकांवरून एक रेघ ओढली. "आणि अंदाजे सांगितलं की कामही अंदाजेच होतं. वॉर्डात डॉक्टरांना 'ताप आहे' असं सांगितलं की ते ओरडायचे. किती आहे? कधीपासून आहे? देव काय त्यांच्यापेक्षा कमी हुशार आहे?"

साहेब माझ्या हातातली हजेरीची वही घेऊन चाळू लागले. बाईंच्या प्रार्थनांचा परिणाम मात्र चांगला होत होता. रविवारी देवासमोर आणि अठरा घरांसमोर निघण्यापेक्षा शनिवारी आपणच सांगितलेलं बरं, असा हिशेब लोकांनी केला होता. कंपाउंडरांनी एका शनिवारी विड्यांचं बंडल स्वतःहून बायकोसमोर ठेवलं. बायको म्हणाली, "मला ठाऊक होतं. मी नुसती वाट बघत होते, तुम्ही आधी सांगता का बाई."

बाई देशावरच्या एका मिशन इस्पितळात शिकून आल्या होत्या. लग्न केलं नव्हतं. कारण विचारलं की म्हणायच्या, "लग्नाचं विचारायला कोणी आलंच नाही, सगळे औषध विचारायला आले." दवाखान्यातून निवृत्त झाल्यावरही त्यांची पिशवी भरलेलीच असायची. रात्री-बेरात्री कोणीही हाक मारावी, त्या पायी निघायच्या. एकदा गाडीतल्या कोणा प्रवाशाने त्यांना कोंडाण्याच्या लेण्यांचा रस्ता विचारला. रस्ता नीट सांगून झाल्यावर म्हणाल्या, "लेणी मी बघितलेली नाहीत. मी तिथे वीस वर्षं बाळं काढायला जाते. बाळं लेण्यांच्या अलीकडे होतात."

त्याच कोंडाण्यात एका बाळंतिणीची सासू उंबऱ्यात बसून सारखी रडत होती. बाईंनी तिला गावातल्या कोंबड्या मोजून यायला सांगितलं. म्हातारी गेली. बाळ झालं, नाळ कापून झाली, बाई हात धूत असताना म्हातारी परत आली आणि म्हणाली, "बाई, बेचाळीस हायेत, पन येक पळाली." बाई म्हणाल्या, "मग एक्केचाळीस लिहा. आणि नातू झालाय."

हात धुणं हा त्यांचा दुसरा धर्म होता. देवळाच्या नळाला त्यांनी सुतळीने साबणाची वडी बांधली होती, आणि दारात उभं राहून त्या येणाऱ्याच्या हाताचा वास घ्यायच्या. पाळकसाहेबांच्याही. मेलेल्या लाजराला येशूने कबरेतून उठवल्याच्या उताऱ्यावर साहेब प्रवचन करत होते, तर या बसल्या जागेवरून म्हणाल्या, "चार दिवसांचं प्रेत. त्याच्या पट्ट्या सोडणाऱ्यांनी नंतर हात धुतले असणार. लिहिलं नसलं तरी."

कुठलाही कार्यक्रम असो, पिण्याचं पाणी त्यांच्या ताब्यात. आदल्या दिवशी समोर उभं राहून उकळून घ्यायच्या, गाळून पिंपात भरायच्या, तोंडाला फडकं बांधून शेजारी खुर्ची टाकून बसायच्या. देवळामागच्या विहिरीत शनिवारी लाल औषधाची पूड टाकायचं कामही त्यांचंच. पूड टाकली की दोन दिवस पाणी गुलाबी दिसायचं. बाईंच्या हातून आलेलं पाणी म्हणजे शुद्ध, यावर आमच्यात कधी चर्चासुद्धा झाली नव्हती.

त्या वर्षी भातकापणी उरकल्यावर नेहमीप्रमाणे कापणीचा सण झाला. लोकांनी देवळात भाताच्या पेंढ्या, भोपळे, अंडी आणून ठेवली. उपासनेनंतर मागच्या अंगणात जेवण होतं. मिशनचे एक मोठे साहेब येणार म्हणून गर्दी दुप्पट झाली. ताक कडावच्या सगुणाबाईंचं. त्यांच्या सासऱ्यांनी बाप्तिस्मा घेतल्यापासून त्या घरचं ताक प्रत्येक सणाला यायचं. नवरा रेल्वेत गँगमन, घरी चार म्हशी, कर्जतमधल्या आमच्या बहुतेक घरांत दूध त्यांचंच. सगुणाबाई कमी बोलायच्या. उपासनेतही त्यांचा आवाज फक्त 'आमेन'ला ऐकू यायचा.

तिसऱ्या दिवसापासून लोक आजारी पडायला लागले. पटकी, म्हणजे कॉलरा. तालुक्यात इतरत्रही साथ होती, पण आमच्यात एकदम अकरा जण पडले आणि अकराही जण सणाला जेवलेले होते. दहा उठले. पेटीमास्तर उठले नाहीत.

पेटीमास्तरांना एका कानाने ऐकू यायचं नाही. गाणं संपलं तरी त्यांची पेटी दोन ओळी पुढे जायची आणि आम्ही सगळे उभ्या उभ्या त्यांची वाट बघायचो. त्यांच्या बायकोला आम्ही काकू म्हणायचो. चाळीस वर्षांच्या संसारात दोघांचं भांडण फक्त पेटीच्या आवाजावरून झालं, असं काकूच सांगायच्या.

आरोग्य खात्याचा माणूस आला. त्याने सगळ्यांना टोचलं, गावातल्या एकूणएक विहिरींत औषध टाकलं आणि देवळाला, शाळेला, बाजाराला बंदी घातली. आजार नेमका कुठून आला ते त्याने सांगितलं नाही, त्यामुळे लोकांनी आपापलं ठरवलं. ताक. सगळ्यांनी प्यायलेली, आणि बाहेरून आलेली, तीच एक वस्तू होती. आठवडाभरात सगुणाबाईंचं दूध एकेका घराने बंद केलं. भांडण झालं नाही, कोणी तोंडावर बोललं नाही. लोक दारात भांडं ठेवायचे थांबले, एवढंच. आमच्या घरानेही थांबवलं. भांडं मीच आत घेतलं होतं.

देऊळ आठ रविवार बंद राहिलं. नाताळ घराघरांत झाला. या काळात नर्सबाईंनी जे केलं ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे. दहा रोग्यांची सेवा तर केलीच. शिवाय प्रत्येक रविवारी त्या अठराही घरांच्या अंगणात उभ्या राहून एक उतारा वाचायच्या. वाचायच्या आधी विचारायच्या, "देवाचं नंतर. आधी सांगा, पोट कसंय? किती वेळा?" कर्जत झालं की पायी कडावला जायच्या. आम्ही म्हणायचो, या वयात एवढं बळ यांना देवच देतो. एक गोष्ट मात्र माझ्या लक्षात यायला हवी होती आणि आली नाही. ताकाचा विषय निघाला की सगळ्या गावाला दुरुस्त करणारी ही बाई पिशवी उचलून निघून जायची.

जानेवारीत बंदी उठली. पहिल्याच रविवारी प्रभुभोजनासह उपासना ठरली आणि मी कामांची यादी केली. भिंतींना चुना. सतरंज्यांना ऊन. खिडक्यांच्या गंजलेल्या कड्या. सगळ्यांनी एकाच प्याल्याला तोंड लावायला लोक तयार होणार नाहीत म्हणून दवाखान्यातून औषधाच्या मापाचे छोटे ग्लास, उकळून. त्यात द्राक्षारस म्हणून मनुकांचं पाणी. हे सगळं सोपं होतं. अडचण भाकरीची होती.

आमच्यात प्रभुभोजनाची भाकर विकत आणत नाहीत. गव्हाची, बिनमिठाची, जाड, घरोघरच्या पाळीने येते. पाळीचा तक्ता कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेला असे आणि तो मी सांभाळत असे. देऊळ बंद झालं त्यामुळे पाळी थांबली होती ती सगुणाबाईंवर. मंडळीचे दोन पंच माझ्याकडे येऊन गेले. "चिटणीसबाई, तुम्ही समजून घ्या. तिच्या हातची भाकर कोणी तोंडात घालणार नाही. काकू समोर बसलेल्या असतील." मी समजून घेतलं. नाव खोडलं नाही. नवीन तक्ता केला आणि त्यात ते उतरवलंच नाही. भाकर कंपाउंडरांच्या बायकोकडे दिली.

शुक्रवारी नर्सबाई चुना बघायला आल्या आणि त्यांनी कपाट उघडलं.

"सगुणाचं नाव कुठंय?"

"बाई, लोक म्हणतात..."

"लोकांचं नको. अक्षर तुझं आहे."

"पुढच्या वेळी घालू. जरा निवळू दे. ती तरी कुठे येणार आहे? तिचा नवरा बदलीचा अर्ज लिहून घ्यायला आला होता माझ्याकडे. घर हलवणार म्हणाला."

"अर्ज दिला?"

"सोमवारी देणार आहे."

यावर त्या काही तरी बोलतील, छत्री आपटतील, मला मूर्ख म्हणतील, या तयारीत मी होते. त्या बाकावर बसल्या. मग म्हणाल्या, "तुझा तक्ता राहू दे तसाच," आणि गेल्या. शनिवारी त्या कडावला गेल्या हे मला नंतर कळलं.

रविवारी देऊळ भरलं. लोक एकमेकांकडे बघून हसत होते, मग पेटीवर घातलेलं कापड दिसलं की गप्प होत होते. काकू पांढऱ्या लुगड्यात पहिल्या बाकावर. गाणी पेटीशिवाय झाली. दारात बाई हातांचा वास घ्यायला उभ्या नव्हत्या, एवढंच वेगळं होतं. आणि दाराबाहेर, पायरीवर, सगुणाबाई बसल्या होत्या. मांडीवर फडक्यात काही तरी गुंडाळलेलं. आत ये असं त्यांना कोणी म्हटलं नाही. जा असंही नाही.

मोकळी प्रार्थना आली. बाई उठल्या. छत्री बाकावरच राहिली.

"प्रभू, आठ रविवारांनी आलो आहोत. कंपाउंडर बरे आहेत. त्यांची बायको बरी आहे, अजून उरलेलंच खाते. पॉइंट्समनच्या मुलीला अशक्तपणा आहे, अंडं द्यायला सांगितलंय." अशा त्या एकेका बाकावरून पुढे गेल्या. नावं संपली. आम्ही आमेन म्हणायला तोंड उघडलं.

"आणि आता तुझी नर्स. कापणीच्या सणाच्या आदल्या शनिवारी विहिरीत औषध टाकायचं होतं. टाकलं नाही. विसरले नव्हते. मोठ्या साहेबांसमोर गुलाबी पाणी दिसेल, ताक गुलाबी होईल, लोक नावं ठेवतील, म्हणून टाकलं नाही. रविवारी माणसं जास्त झाली. उकळलेलं पाणी संपलं. सगुणा म्हणाली, ताक दाट आहे बाई, पाणी द्या. मी तिच्या दोन्ही किटल्या मागे नेल्या आणि विहिरीचं पाणी ओतलं. दोन बादल्या. दोन बादल्यांनी काय होतंय, असं मी मनात म्हटलं. सगुणाला वाटलं उकळलेलंच आहे, कारण मी दिलं होतं. अकरा माणसं पडली. पेटीमास्तर गेले. ताक चांगलं होतं, प्रभू. पाणी वाईट होतं."

बाईंचे डोळे मिटलेलेच होते.

"हे मला पहिल्या आठवड्यातच कळलं होतं. मी बोलले नाही. सगुणाच्या अंगणात बसले असताना ती म्हणाली, माझ्या ताकानं मास्तर गेले. ते मी ऐकलं. तिने दिलेला चहा प्यायले आणि उतारा वाचून परत आले. असं सात वेळा. एवढंच सांगायचं होतं. आमेन."

बाई बाकांमधून चालत दाराकडे गेल्या आणि बाहेर पायरीवर, सगुणाबाईंपासून हातभर अंतर सोडून बसल्या.

पाळकसाहेब मेजामागे उभे होते. सगळ्यांनी काकूंकडे बघायचं टाळलं, म्हणजे सगळ्यांचं लक्ष काकूंकडेच होतं. मग काकूंचा आवाज आला. कोरडा, स्पष्ट.

"साहेब, आजची भाकर कोणाच्या पाळीची?"

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी उभी राहिले. "पाळी सगुणाबाईंची होती. तक्ता मी बदलला."

"मग आता नीट करा," काकू म्हणाल्या.

मी दाराकडे गेले. सगुणाबाईंनी फडकं माझ्याकडे दिलं. भाकर अजून कोमट होती; कडावहून एवढं अंतर त्यांनी ती पोटाशी धरून आणली होती. कंपाउंडरांच्या बायकोने स्वतः उठून आपली भाकर मेजावरून काढून घेतली. साहेबांनी नवी भाकर मोडली. पहिला तुकडा काकूंनी घेतला. मग बाकीच्यांनी. साहेब ताटली घेऊन बाहेर पायरीपर्यंत गेले. सगुणाबाईंनी घेतला. बाईंनी मान हलवून नको म्हटलं. त्यांनी त्यानंतर पुढचं वर्षभर प्रभुभोजन घेतलं नाही, आणि कोणाला घ्या म्हणायचं धाडस झालं नाही.

काकू त्यांच्याशी चौदा महिने बोलल्या नाहीत. मला हे नक्की माहीत आहे, कारण निरोप माझ्यामार्फत जायचे. विहीर, पाणी, नळाचा साबण, हे सगळं बाईंनी त्याच आठवड्यात कंपाउंडरांकडे सोपवलं. मोकळी प्रार्थना मात्र सोडली नाही. पुढे नऊ वर्षं, जाईपर्यंत, त्या उठत राहिल्या. फक्त अहवाल स्वतःपासून सुरू करायच्या. "तुझी नर्स. काल चिडले. कारण नव्हतं." त्यांच्यामागून हळूहळू इतरही उठायला लागले, आपापलं सांगायला लागले. कंपाउंडर तर इतकं लांबवायचे की साहेबांना घड्याळ दाखवावं लागे.

पण मला सांगायचं आहे ते त्या रविवारचंच. उपासना सुटली. लोक बाहेर पडत होते, आणि पायरीवर दोघी बसलेल्या असल्यामुळे प्रत्येकाला त्यांच्या मधून किंवा बाजूने जावं लागत होतं. बहुतेक जण पायांकडे बघत गेले. मी चुन्याचे डाग पुसायचं निमित्त करून दारातच होते. काकू सगळ्यांत शेवटी आल्या. सगुणाबाईंसमोर थांबल्या.

"उद्यापासून अर्धा शेर घाल गं माझ्याकडे. सकाळचं."

सगुणाबाईंनी मान हलवली. काकूंनी नर्सबाईंकडे पाहिलं नाही. चपला घातल्या आणि फाटकाकडे चालत गेल्या.

मी काही तरी बोलायला हवं म्हणून म्हटलं, "बाई, काकूंना थोडा वेळ द्या."

"मला समजावू नको," बाई म्हणाल्या. "ती बोलली असती तर मला खरं वाटलं नसतं." मग सगुणाबाईंकडे वळून, नेहमीच्या वॉर्डातल्या आवाजात, "ऐकलंस ना? अर्धा शेर. सकाळी वेळेवर. आणि नवऱ्याला सांग, अर्ज फाडून टाक. आणि दुधात पाणी..."

इथे त्या थांबल्या.

सगुणाबाईंनी डोळे पुसले. मी त्यांना ओळखत असल्यापासून त्या कोणाला उलटून बोललेल्या मला माहीत नव्हत्या.

"पानी तुमी घातलंव बाई," त्या म्हणाल्या. "मी कंदीच नाय घातलं."

"हो," नर्सबाई म्हणाल्या. "असंच सांगायचं. दूध घालशील त्या प्रत्येक दारात सांगायचं. आणि दोन बादल्या म्हणायचं, थोडंसं म्हणायचं नाही."